नाकाचे मार्क, डोळ्यांचे मार्क

सोलापूर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींना चादर आठवते, शेंगाची चटणी आठवते, हुरडा आठवतो. मे महिन्यात तर पेपरच्या पहिल्या पानावरचं तापमानही आठवतं. कुत्रं मात्र कुणालाच आठवत नाही. खरं तर सोलापूर, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), लातूर ते खाली विजापूर, मुधोळपर्यंतच्या माळावर एक अस्सल शिकारी कुत्रं पिढ्यान् पिढ्या राहत आलंय. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, बोटाएवढी बारीक शेपटी. नवख्या माणसाला वाटतं, मालक खायला घालत नाही की काय! आपल्याकडे त्याला कारवान किंवा करवानी म्हणतात, कानाला आणि शेपटीला झुपके असतील तर पश्मी. कर्नाटकात गेलं की तेच कुत्रं मुधोळ होतं.

हे सगळं काढायचं कारण म्हणजे आमच्या टीममधला एक अमेरिकन सहकारी. कॉल संपता संपता म्हणाला की शनिवारी तो आपला पॉइंटर घेऊन बर्ड डॉगच्या स्पर्धेला चाललाय, आणि तुमच्याकडे अशा स्पर्धा कशा असतात? मी म्हटलं, नसतात. त्यावर त्याने पुढचा प्रश्न टाकला, "का नसतात?" या 'का'चं उत्तर शोधण्यात माझे तीन वीकेंड गेले. (बायकोच्या मते चार.)

आधी त्यांच्या स्पर्धांबद्दल, कारण त्या कळल्याशिवाय आपल्याकडचं गणित सुटत नाही.

१८५९ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला आजच्या अर्थाने पहिला डॉग शो भरला. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर अशा दोनच जातींची कुत्री होती, म्हणजे पक्ष्यांच्या शिकारीची. बक्षीस काय, तर बंदुका. निकाल तर फारच सुंदर लागला. पॉइंटरांच्या परीक्षकाचं कुत्रं सेटरांत पहिलं आलं आणि सेटरांच्या परीक्षकाचं पॉइंटरांत पहिलं आलं! आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धा ज्यांनी पाहिल्यात त्यांना यात नवीन काही वाटणार नाही :)

पण विनोद सोडला तरी मूळ अडचण उरतेच. मांडवात उभं केलेलं कुत्रं दिसायला कितीही देखणं असलं तरी त्याला तित्तराचा वास येतो की नाही हे कसं कळणार? त्याचं उत्तर म्हणून १८६५ च्या एप्रिलमध्ये बेडफर्डशायरमधल्या साउथहिल इस्टेटवर पहिली फील्ड ट्रायल झाली. कुत्री उघड्या रानात सोडायची आणि ती काम कसं करतात ते बघून गुण द्यायचे. यात एप्रिल महत्त्वाचा. त्या दिवसांत तिथल्या तित्तरांच्या जोड्या जमलेल्या असतात, त्यामुळे गोळी घालायची नाही. म्हणजे ज्या शिकारीची परीक्षा चालली होती, त्यात शिकार नव्हतीच.

पॉइंटर किंवा सेटरचं काम असं. वारा तोंडावर घेऊन कुत्रं शेतात आडव्या फेऱ्या मारत पुढे सरकतं, तिफणीच्या ओळींसारखं, कुठलाही तुकडा न सोडता. वास लागला की जागच्या जागी पुतळा. एक पाय वर, शेपटी ताठ, नाक पक्ष्याच्या दिशेने. धनी चालत येतो, पक्षी उठवतो, बार काढतो. कुत्र्याने पक्ष्यामागे धावायचं नाही, बाराने दचकायचं नाही. स्पर्धेत दोन कुत्री एकदम सोडतात. एकाने पॉइंट धरला आणि दुसऱ्याने ते पाहिलं, तर दुसऱ्यानेही तिथेच थांबायचं. जोडीदाराच्या कामावर डल्ला मारायचा नाही. (हा नियम काही ऑफिसांतही लागू करायला हवा.)

आता गंमत अशी की याच रानात, याच पक्ष्यांसाठी आणखी दोन तऱ्हेच्या स्पर्धा उभ्या राहिल्या आणि तिन्हींनी तीन वेगळी कुत्री घडवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरायच्या बंदुका आल्या. भराभर बार काढता येऊ लागले तसं इंग्लंडमधल्या बड्या लोकांनी चालत शिकार करण्याऐवजी एका जागी उभं राहायचं आणि हाकाऱ्यांकडून पक्षी अंगावर घालून घ्यायचे ठरवलं. मग वास काढणाऱ्या कुत्र्याचं काय काम? काम उरलं ते पडलेला पक्षी शोधून आणण्याचं. लॅब्रेडॉरसारख्या रिट्रीव्हरांच्या स्पर्धा १९०० च्या आसपास सुरू झाल्या, आणि तिथली पहिली कसोटी म्हणजे गप्प बसणं. आजूबाजूला बार उडतायत, पक्षी टपाटप पडतायत आणि हा शहाणा बसलाय धन्याच्या पायाशी. नुसता कुंईकुंई केला तरी बाद. आणलेला पक्षी परीक्षक हातात घेऊन बरगड्या चाचपून बघतात. दाताने चिरडल्या असतील तर कुत्रं बाद, मग आधी कितीही भारी काम केलेलं असो.

तिसरा स्पॅनियल. हा झुडपांत घुसून पक्षी उठवणारा. त्याने बंदुकीच्या टप्प्याबाहेर जायचंच नाही, पक्षी उडाला की खाली बसायचं आणि हुकूम झाला तरच आणायला जायचं. पॉइंटरला लांब गेल्याबद्दल जिथे शाबासकी, तिथे स्पॅनियलला त्याच गोष्टीबद्दल घरचा रस्ता.

या स्पर्धा अमेरिकेत गेल्या आणि तिथे वेगळंच प्रकरण झालं. १८७४ च्या ऑक्टोबरमध्ये टेनेसीतल्या मेम्फिसला पहिली फील्ड ट्रायल झाली, नाइट नावाच्या काळ्या सेटरने ती जिंकली. १८९६ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू झालं. त्यात एकेका जोडीला सलग तीन तास पळवतात आणि परीक्षक, धनी, प्रेक्षक सगळे घोड्यांवर! पक्षी म्हणजे बॉबव्हाइट लावा. त्याला मारत नाहीत, पॉइंट धरला की खोटा बार काढतात. मैदान अफाट आणि माणसं घोड्यावर असल्यामुळे जे कुत्रं जास्त लांब, जास्त दिमाखात धावेल ते परीक्षकाच्या डोळ्यांत भरू लागलं. जिंकणाऱ्याचीच पिल्लं विकली जाणार. काही पिढ्यांत तिथले स्पर्धेचे पॉइंटर असे झाले, की पायी शिकार करणाऱ्या साध्या माणसाला ते हाताळताच येईनात. कुत्रं दोन टेकड्या पलीकडे पॉइंट धरून उभं, आणि हा बिचारा अजून पहिल्या ओढ्यात. शेवटी १९८० च्या दशकात तिथे 'हंट टेस्ट' नावाचा प्रकार रुजला. त्यात पहिला-दुसरा नाही. ठरलेलं काम जमलं तर पास, नाहीतर परत या.

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. टेस्टिंग टीमला सापडलेल्या बग्जच्या संख्येवरून मार्क द्यायला लागा. महिन्याभरात 'बटणाचा निळा रंग जरा फिका वाटतो' असे चाळीस बग नोंदवलेले दिसतील. फरक इतकाच की अप्रेझलचा फॉर्म पुढच्या वर्षी बदलता येतो, कुत्र्याचं रक्त बदललं की बदललं.

याचा सगळ्यात चोख पुरावा लॅब्रेडॉरमध्ये मिळतो. शो आणि फील्ड दोन्हीकडे चॅम्पियन झालेल्या कुत्र्याला ड्युअल चॅम्पियन म्हणतात. बँकोरी बोलो हा १९२० च्या दशकातला पहिला ड्युअल चॅम्पियन लॅब्रेडॉर. ब्रिटनमधला शेवटचा नेथ बँजो. त्यानंतर तिथे एकही नाही! एकच नाव, एकच वंश, पण शोवाल्यांनी जाडजूड, शांत कुत्रं वाढवलं आणि ट्रायलवाल्यांनी हडकुळं, चपळ. आपल्या सोसायटीत जिन्याने दोन मजले चढल्यावर धापा टाकणारा जो लॅब दिसतो, तो पहिल्या घराण्यातला.

जर्मन लोकांनी मात्र पहिल्यापासून वेगळा रस्ता धरला. तिथे पॉइंटर वेगळा, रिट्रीव्हर वेगळा असली चैन परवडत नव्हती. एकाच कुत्र्याने पॉइंटही धरायचा, पाण्यातून बदकही आणायचं आणि जखमी सशाचा मागही काढायचा. तरुण कुत्र्याची वसंतात एक परीक्षा, शरदात दुसरी, पुढे थोराची मोठी परीक्षा. या परीक्षांचा हेतू करंडक हा नाहीच. कुठल्या नर-मादीपासून पिल्लं घ्यायची ते ठरवायला हे गुण नोंदवून ठेवतात. मला विचाराल तर सगळ्या प्रकारांत मला हा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तो बघायला कंटाळवाणा असणार हेही मान्य.

आता सोलापूर.

इथला माळ पक्ष्यांनी भरलेला होता. तित्तर, लावे, पखुर्ड्या, तणमोर आणि माळढोक. कुसळी आणि पवन्याचं गवत, मधे मधे ज्वारीची धसकटं. पॉइंटरला आणखी काय हवं? मग या रानात पक्ष्यांचं कुत्रं का तयार झालं नाही?

कारण इथे ते काम दुसऱ्याच कुणीतरी हातात घेतलेलं होतं. पारधी समाजाच्या पोटजातींची नावं बघा. फासेपारधी, गाय पारधी, चित्ता पारधी. तिकडे कुत्र्यांची नावं कामावरून पडली, इकडे माणसांची. फासेपारधी तित्तराच्या वाटेवर बारीक खुंट्यांना बांधलेले फास ओळीने लावतो आणि पक्ष्यांना हळूहळू त्या ओळीकडे चालतं करतो. घाई केली तर पक्षी उडतात आणि खेळ खलास. तित्तर मुळात पळणारा पक्षी आहे, अगदीच गळ्याशी आलं तर उडणारा. गाय पारधी शिकवलेली गाय पुढे घालून तिच्या आडून सरकतो. चरणारी गाय बघून पक्षी बिथरत नाही. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या हाकेने रानातले नर बोलवायचे ही आणखी एक युक्ती. तोंडाने हुबेहूब साद घालणारेही होते.

इथे मला एक धागा सापडला आणि मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. सेटर हे नाव का पडलं माहितेय? बंदूक येण्याआधी युरोपात हे कुत्रं जाळ्याबरोबर वापरत. तित्तरांच्या थव्याचा वास लागला की ते जमिनीला पोट टेकवून दबून बसायचं, आणि शिकारी मागून जाळं ओढत आणून कुत्र्यासकट पक्ष्यांवर टाकायचे! कुत्रं बुटकं होऊन बसायचं ते जाळ्याला अडथळा नको म्हणून. म्हणजे प्रश्न एकच होता, गवतात पळणाऱ्या भित्र्या पक्ष्याच्या जवळ कसं जायचं. युरोपने त्यासाठी कुत्रं दबायला शिकवलं, आपल्या माळावर पारध्याने गाय चालायला शिकवली. माझ्या मते अवघड काम गायीचं. कुत्र्याला निदान शिकारीत रस असतो.

पुढे युरोपात बंदूक आली. सेटर दबून बसण्याऐवजी उभा राहून पॉइंट धरू लागला, त्याच्या स्पर्धा झाल्या, वंशावळी छापल्या गेल्या, क्लब निघाले. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. इकडे काय झालं? १८५७ मध्ये हत्यारबंदी आली. त्याच वर्षी मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार देऊन उठाव केला, तो इंग्रजांनी चिरडला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला, आणि पारध्यांसारख्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का बसू लागला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लागला. ज्या माणसाला तित्तराची खोड न् खोड माहीत होती त्याला बंदूक मिळणं तर सोडाच, गावाबाहेर पाऊल टाकायला हजेरी द्यावी लागायची. अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणारी एक मोठी वसाहत सोलापुरातच होती. त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात आणि रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की पुरतं. कायदा रद्द झाला १९५२ साली.

आणि ज्यांच्याकडे बंदूक होती, म्हणजे साहेब, संस्थानिक, काही इनामदार, त्यांना कुत्र्याची गरजच पडली नाही. विलायती पॉइंटरला इथलं ऊन सोसवत नाही आणि कुसळं त्याच्या पायात, कानात घुसतात. त्यापेक्षा गावातली पोरं हाका घालायला मिळायची. कुत्र्याचं काम माणसाने स्वस्तात केलं, इतकी साधी गोष्ट. पतियाळा, जिंद अशा पंजाबातल्या संस्थानिकांना विलायती गनडॉगांचा मोठा शौक होता, पण तो त्यांच्या राजवाड्यांपुरता राहिला. दख्खनच्या माळावर ते लोण आलं नाही.

मग आपला कारवान करायचा काय? तो नाकाचा नाहीच, डोळ्यांचा. ससा उठला, दिसला की सुटायचं. उन्हात, दगडगोट्यांत, बांध ओलांडत, वळणं घेत, ससा थकेपर्यंत. पक्ष्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याच्या कामाला गुण नव्हते आणि परीक्षकही नव्हता. संध्याकाळी कालवणात ससा पडला की कुत्रं पास. ही परीक्षा क्रूर होती यात शंका नाही, नापास कुत्र्याला कुणी बसून खायला घालत नसे. पण तिच्यात एक गोष्ट होती. वेग, दम, नजर, कणखर पाय, थोडक्या भाकरीवर भागवणं, सगळं एकाच पेपरात. कुठल्याही एका विषयाच्या मार्कांवर वर जाता यायचं नाही.

डोळ्यांच्या कुत्र्यांच्याही स्पर्धा इंग्लंडात होत्या, आणि त्या पक्ष्यांच्या कुत्र्यांपेक्षा जुन्या. १८३६ पासून लँकेशायरमध्ये वॉटर्लू कप व्हायचा. दोन ग्रेहाउंड, पुढे जिवंत ससा, मागे घोड्यावर परीक्षक. त्याची गुणपद्धत वाचून मी चकित झालो. ससा मारणाऱ्याला जास्तीत जास्त एक गुण, तोही मारण्यात काही कौशल्य दिसलं तर. खरे गुण पुढे निघण्याला आणि सशाला वळवण्याला. हजारोंची गर्दी ससा मरताना बघायला यायची आणि कागदावर मात्र मरणाला जवळजवळ किंमत नाही! सशाला अर्थातच हा बारकावा कुणी समजावून सांगितला नव्हता. २००५ च्या फेब्रुवारीत शेवटचा कप झाला, त्याच महिन्यात तिथे अशा शिकारीवर बंदी आली.

आपल्याकडे बंदी त्याआधीच होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून 'शिकार' या शब्दाची व्याख्या जरूर वाचा. ठार मारणं तर आहेच, पण फास लावणं, सापळा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि कुत्र्याकरवी पाठलाग करणं हे सगळं एका ओळीत येतं, नुसता प्रयत्नसुद्धा. लॉर्डसाहेबांचा खेळ आणि पारध्याचं पोट एकाच वाक्यात बंद. माझ्या अमेरिकन मित्राची खोट्या बाराची स्पर्धासुद्धा इथल्या रानातल्या तित्तरांवर करायची म्हटली, तर पक्षी हाकण्याच्या कलमात सापडेल. मला विचाराल तर सापडायलाच हवी. १९७९ मध्ये नान्नजला माळढोक अभयारण्य झालं तेव्हा त्याची कागदावरची हद्द साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होती, पुढे ती बरीच कमी केली. गेल्या काही वर्षांत तिथले माळढोक एका हाताच्या बोटांवर मोजायची पाळी आली. देशभरातच दीडशेच्या आत उरलेत, बहुतेक राजस्थानात. हा पक्षी जमिनीवर उघड्यावर अंडं घालतो, बहुधा एकच. मोकाट कुत्री हा त्याचा आज मोठा वैरी आहे. अशा रानात कुत्र्यांना पक्ष्यांमागे सोडून मार्क देणं हा शुद्ध आचरटपणा होईल.

पण मग कारवानचं काय? ज्या परीक्षेने त्याला घडवलं ती पन्नासेक वर्षांपूर्वी बंद झाली, आणि ती बंद झाली हे बरंच झालं. नाव टिकलं ते वेगळ्या वाटेने. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री पद्धतशीर पाळली, विलायतेच्या बादशहाला जोडी भेट दिली, म्हणून मुधोळ हे नाव गाजलं. २००५ मध्ये पोस्टाच्या तिकिटावर आलं. अलीकडे लष्करानेही ही कुत्री घेऊन पाहिली. मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी पैदास केंद्र आहे. शहरांतल्या शोमध्येही हे कुत्रं दिसतं, पण तिथे गोल फेरी मारून नीट उभं राहायचं, एवढंच. लॅब्रेडॉरचं काय झालं ते वर आलंच आहे.

दुसरी वाट गावच्या यात्रांची. पश्चिम महाराष्ट्रात यात्रेला बैलगाड्यांसारख्याच कुत्र्यांच्या शर्यतीही होतात. सांगोल्याच्या बाजूला एक बघून आलो. रिकाम्या वावरात सरळ पट्टी आखलेली, दोन्ही बाजूंना दोरखंड, लाऊडस्पीकर, पंधरावीस पिकअप गाड्या आणि अंगावर झूल घातलेली कुत्री. कापडी ससा दोरीला बांधलेला. पलीकडच्या टोकाला स्टँडवर चढवलेल्या मोटारसायकलचं मागचं चाक ती दोरी गुंडाळतं. गिअर टाकला की ससा सुटतो. पंधरा-वीस सेकंदांत निकाल. कल्पना जुनीच आहे, १९१९ मध्ये कॅलिफोर्नियात ओवेन स्मिथने यांत्रिक सशावर ग्रेहाउंड पळवले आणि १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानात ते इंग्लंडात पोचलं. ससा मरत नाही, हे उत्तमच.

पण सरळ पट्टी, थोडं अंतर, सपाट माती. अशा पेपरात सगळे मार्क एकाच विषयाला, सुटल्या सुटल्या वेग. त्यात ग्रेहाउंडला तोड नाही, शंभर वर्षं त्याला तेवढ्यासाठीच घडवलाय. मग सरळ हिशेब होतो. ग्रेहाउंडशी पैदास करा, बक्षीस घ्या. मैदानात मी बघितलेली निम्मी कुत्री उघड उघड मिश्र होती, आणि मालक ते लपवत नव्हते, कौतुकाने सांगत होते.

अमेरिकेत १९७० च्या दशकात ल्यूर कोर्सिंग नावाचा खेळ निघाला. तिथेही दोरीच, तिला बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी ससा म्हणून. पण दोरी जागोजाग कप्प्यांवरून फिरवलेली, त्यामुळे हा 'ससा' खऱ्या सशासारखी वळणं घेतो. १०० पैकी वेगाला २५ गुण, चपळाईला २५, दमाला २०, उरलेले उत्साहाला आणि माग न सोडण्याला. मोटारसायकलच्या चाकाऐवजी चार कप्प्या आणि थोडी जास्त दोरी, एवढाच खर्चाचा फरक. त्यात मी आणखी एक घातलं असतं. जर्मनांसारखी नोंदवही. कुठलं कुत्रं दुपारच्या उन्हात तीन-चार किलोमीटर पळून पाय शाबूत ठेवतं, कुणाची पिल्लं तशी निघतात, हे लिहून ठेवायचं. अशा वहीला ढाल मिळत नाही, म्हणून ती कुणी ठेवत नाही.

शर्यतीच्या एका कडेला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. डोक्याला फेटा, शेजारी तांबूस रंगाची एक अस्सल कारवान कुत्री. तिला पळवली नव्हती.

"मामा, हिला नाही सोडली?"

"सोडली की सकाळी. निम्म्यात थांबली."

"दमली का?"

"दमती कशाची! रानात घातली तर तासभर पळती. चिंधी हाय म्हनून कळलं तिला."

मागे लोक हसले. मामाही हसले, पण कुत्रीच्या मानेवरचा हात त्यांनी काढला नाही. शेजारचा पोरगा म्हणाला, "आन्ना, हिची पिल्लं ग्रेहाउंडवर काढा, पुढल्या यात्रेत नंबर येतोय बघा." मामांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मागनारं गिऱ्हाईक तेच हाय आता," ते म्हणाले. "काय करता?"

पुढच्या फेरीचा पुकारा झाला. मोटारसायकलवाल्याने किक मारली. कुत्रीने कान टवकारून एकदा आवाजाकडे बघितलं आणि पट्टीकडे पाठ करून, डाळिंबाच्या बागेपलीकडे जो थोडा माळ शिल्लक आहे, तिकडे नजर लावून बसली.